विमानविरोधी तोफा युद्धात कितपत कामाला येतात? साताऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२५ मध्ये सीमेवर ड्रोन पडायला लागले आणि माझा फोन वाजायला लागला. मी आर्मी एअर डिफेन्समध्ये चोवीस वर्षं तोफेवर काढून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो, हे आमच्या भागात बऱ्याच जणांना माहीत आहे. शाहू स्टेडियमवर पहाटे पळायला येणारी भरतीची पोरं, शाळेतले शिक्षक, ज्यांची मुलं सीमेवर आहेत त्या घरची माणसं, सगळे विचारतात आणि प्रश्न बरेचसे तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, बोफोर्स तोफ कारगिलला डोंगरावर मारा करत होती. मग तीच बोफोर्स विमानं पण पाडते का?

हा घोळ नावामुळे होतो. बोफोर्स ही स्वीडनची कंपनी. कारगिलला गाजली ती तिची १५५ मिमीची हॉवित्झर. तिचा एक गोळा ४० किलोच्या वर भरतो आणि तो जमिनीवरच्या ठिकाणावर कमान करून पडतो. विमानविरोधी बोफोर्स वेगळी, ४० मिमीची, तिला एल-७० म्हणतात. तिचा उडणारा गोळा एक किलोच्याही आत असतो, पण सेकंदाला पाच सुटतात. जमिनीवर मारणाऱ्या तोफेला लक्ष्य कुठे आहे एवढंच बघावं लागतं. विमानविरोधी तोफेला ते काही सेकंदांनी कुठे असेल ते बघावं लागतं. सगळा खेळ या फरकात आहे (प्रश्न ३).

२. आपल्या सैन्याकडे कुठल्या विमानविरोधी तोफा आहेत?

तीन नावं लक्षात ठेवा. एल-७०, एका नळीची, मिनिटाला ३०० गोळे, मारा साडेतीन-चार किलोमीटरपर्यंत. झेडयू-२३, दोन नळ्यांची, २३ मिमीची, अडीच किलोमीटरपर्यंत. ही हलकी असते, ट्रकवर बसते, डोंगरात नेता येते. आणि शिल्का, चार नळ्या आणि स्वतःचं रडार असलेली, रणगाड्यासारखी साखळीवर चालणारी गाडी.

एल-७० साठच्या दशकातली. आपले कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते तो काळ. म्हणून पोरं विचारतात, एवढी जुनी तोफ अजून कशाला? नळी जुनी आहे, डोळे नवे आहेत. आम्ही आधी सुपर फ्लेडरमाउस रडारवर शिकलो, नंतर फ्लायकॅचर आलं. आता भारत इलेक्ट्रॉनिक्सने या तोफांना रात्री दिसणारे कॅमेरे, लेझरने अंतर मोजायची सोय आणि लक्ष्याचा आपोआप पाठलाग करणारी यंत्रणा बसवून दिली आहे.

३. एवढे गोळे झाडतात, मग विमानाला लागत का नाहीत? नेम चुकतो का?

नेम बरोबर असला तरी लागत नाही, हे आधी समजून घ्या. आकडे सोपे आहेत, वहीत मांडून बघा.

एल-७० चा गोळा नळीतून सुटताना सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने जातो. पुढे हवा त्याला अडवते, त्यामुळे तीन किलोमीटर गाठायला त्याला चार-पाच सेकंद लागतात. ताशी ९०० किलोमीटरने येणारं विमान एका सेकंदात २५० मीटर जातं, म्हणजे चार सेकंदांत एक किलोमीटर. तुम्ही एसटी स्टँडवरच्या विमानावर नेम धरलात, तर गोळा तिथे पोचेपर्यंत विमान पोवई नाक्याच्या आसपास गेलेलं असतं. म्हणून नेम विमानावर धरायचाच नाही, मोकळ्या आभाळात पुढे धरायचा. आणि त्या चार सेकंदांत पायलटने काठी जरा डावीकडे ढकलली, की तुमचा सगळा हिशेब वाया.

माझी पहिली फायरिंग पूर्व किनाऱ्यावर झाली. समुद्रावरून एक विमान लांब दोरीला कापडी लक्ष्य बांधून ओढत नेत होतं. मी लोडर होतो. चार गोळ्यांची एक क्लिप दहा किलोच्या आसपास भरते, ती दोन्ही हातांनी वरून फीडमध्ये सारायची. सेकंदाला पाच गोळे जातात, म्हणजे क्लिप एका सेकंदाच्या आत संपते. मी एक घालून दुसरी उचलेपर्यंत तोफ भुकेली. पायाखाली गरम पुंगळ्या खणखणत पडत होत्या, तोंडात जळालेल्या दारूगोळ्याची कडवट चव. आमच्या तोफेचे सगळे ट्रेसर, म्हणजे जाताना उजेडाची रेघ सोडणारे गोळे, लक्ष्याच्या मागून गेले. उस्तादांनी ओरडायचं सोडून एवढंच विचारलं, "पाखरू जिथे होतं तिथे मारलंस, आता ते कुठे आहे?"

४. मग तोफा परिणामकारक आहेत की नाहीत हे ठरवायचं कसं? किती विमानं पाडली ते मोजूनच ना?

नाही. माझं सगळं सांगणं या एका प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ज्यांनी शाळूची राखण केली आहे त्यांना हे चटकन कळेल. कणसं दुधात आली की माळ्यावर चढून गोफण फिरवायची. दिवसभरात शंभर-दोनशे गोफणगुंडे जातात. पाखरू मरतं का? क्वचित. संध्याकाळी बाप विचारतो का, आज किती पाखरं मारलीस? तो कणसं बघतो. दाणा राहिला तर राखण झाली.

हेच दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हिशेब मांडून सिद्ध झालं. भूमध्य समुद्रातल्या मालवाहू जहाजांवर विमानविरोधी तोफा बसवल्या होत्या. तोफा कमी होत्या आणि त्या दुसरीकडेही हव्या होत्या. कोणीतरी आकडे काढले. या तोफांनी १०० हल्ल्यांमागे जेमतेम ४ विमानं पाडली होती. झालं, काढून टाका तोफा, असं म्हणायची वेळ आली. मग अभ्यास करणाऱ्यांनी प्रश्न बदलला, विमानं किती पडली हे बाजूला ठेवून जहाजं किती बुडाली ते बघितलं. हल्ला झालेल्या जहाजांपैकी ज्यांनी तोफा चालवल्या नाहीत त्यांतली २५ टक्के बुडाली. ज्यांनी चालवल्या त्यांतली १० टक्के. तोफा राहिल्या.

कारण समोरून गोळे येताना पायलटला सरळ रेषेत, खाली उतरून, शांतपणे बॉम्ब टाकता येत नाही. तो वर राहतो, लवकर सोडतो, वळतो. बॉम्ब पडतो, पण बाजूला पडतो. १९४० च्या सप्टेंबरमध्ये लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते तेव्हा तिथल्या सेनापतीने मिळतील तेवढ्या तोफा शहरात आणून एकदम मारा सुरू केला. विमानं फारशी पडली नाहीत, पण जर्मन बॉम्बर उंच गेले, काही परत वळले, आणि तळघरात बसलेल्या माणसांना आपल्या बाजूनेही कोणी काही करतंय हा आवाज ऐकू आला. या शेवटच्या गोष्टीला मी कमी लेखत नाही.

तेव्हा कोणी "अमक्या युद्धात तोफांनी इतकीच विमानं पाडली" असा आकडा पाठवला, तर खालचं ठिकाण वाचलं का, हे विचारा.

५. तरी सरासरी किती गोळ्यांमागे एक विमान पडतं? काहीतरी आकडा सांगा.

आकडे देतो, पण प्रश्न ४ वाचूनच पुढे या.

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटिश तोफांना एका विमानामागे २०,००० च्या वर गोळे लागत होते. त्यांच्याकडे या मापाला 'एका पाखरामागे किती गोळे' असंच म्हणत. गोफणीची उपमा मी घरची दिली, पण तोफखान्यातही पाखरूच होतं. वर्षभरात तो आकडा ४,००० वर आला. तो आणणाऱ्यांत पॅट्रिक ब्लॅकेट नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनी संरक्षण-संशोधनावर सल्ल्यासाठी याच ब्लॅकेटना भारतात बोलावलं होतं.

जर्मनीच्या प्रसिद्ध ८८ मिमी तोफेच्या जुन्या नमुन्याला १९४४ मध्ये एका बॉम्बरमागे सरासरी १६,००० च्या आसपास गोळे लागत. त्यांच्याच १२८ मिमीच्या मोठ्या तोफेला ३,००० च्या आसपास. या तोफांवर जर्मनीची दहा लाखांच्या घरात माणसं अडकली होती, त्यांत पंधरा-सोळा वर्षांची शाळकरी पोरंसुद्धा. तेवढी माणसं, तेवढं पोलाद, तेवढा दारूगोळा रशियाच्या आघाडीवर गेला नाही. दुसऱ्या बाजूने बघाल तर याच तोफांमुळे अमेरिकन बॉम्बरना २५,००० फुटांवर राहावं लागलं आणि तिथून त्यांचे बॉम्ब कारखान्याऐवजी शेतात पडत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि इतिहासकार अजून त्यावर वाद घालतात.

६. एका वर्षात २०,००० चे ४,००० कसे झाले? गोळे बदलले की माणसं?

आधी डोळे बदलले. तोफांना रडार मिळालं आणि त्याचे आकडे कसे वापरायचे हे माणसं शिकली. मग पुढचा हिशेब करणारं यंत्र, प्रेडिक्टर, सुधारलं. माणसाने अंदाजाने पुढे नेम धरायचा ते काम यंत्राकडे गेलं.

तिसरी गोष्ट त्या वर्षानंतर आली, ती फ्यूज, म्हणजे गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा भाग. जुना गोळा ठरलेल्या सेकंदाला फुटायचा. सेकंदाच्या छोट्या हिश्श्याने चुकला तरी विमानापासून लांब फुटणार. नव्या फ्यूजमध्ये गोळ्याच्या टोकातच छोटा रेडिओ होता. विमान जवळ आलं की तो आपोआप फुटे. तोफेतून सुटताना बसणारा धक्का सोसेल असा काचेचा व्हॉल्व्ह त्या काळात बनवला, हे मला आजही नवलाचं वाटतं.

१९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीने लंडनवर व्ही-१ हे बिनपायलटचे उडते बॉम्ब सोडले. जुलैच्या मध्यात ब्रिटनने शेकडो तोफा लंडनजवळून उचलून समुद्रकिनाऱ्यावर नेल्या, आणि तिथे नवं रडार, नवा प्रेडिक्टर, नवा फ्यूज असं सगळं एकत्र आलं. पहिल्या आठवड्यात तोफांच्या टप्प्यात आलेल्यांपैकी १७ टक्के पडत होते, ऑगस्टअखेर ७४ टक्के. २८ ऑगस्टला शंभरेक व्ही-१ आले, त्यांतले फक्त ४ लंडनपर्यंत पोचले. बाकीचे तोफा, लढाऊ विमानं आणि वाटेत आडवे यावेत म्हणून हवेत बांधून ठेवलेल्या फुग्यांच्या तारा यांनी मिळून अडवले.

यात एक मेख आहे. व्ही-१ सरळ रेषेत, एका वेगाने, एका उंचीवर जायचा. तो वळत नव्हता, त्यामुळे प्रश्न ३ मधली चार सेकंदांची अडचणच नव्हती. ही मेख प्रश्न ९ साठी लक्षात ठेवा.

७. क्षेपणास्त्रं आल्यावर तोफांची गरज उरली नाही असं आमचे सर म्हणतात. खरं का?

असं जगभरच्या सेनाधिकाऱ्यांनाही साठच्या दशकात वाटलं होतं. व्हिएतनामने ते खोटं ठरवलं. उत्तर व्हिएतनामकडे जमिनीवरून विमानावर सोडायची रशियन क्षेपणास्त्रं होती, त्यांना सॅम म्हणतात, ती उंचावरच्या विमानांना भारी होती. ती चुकवायला अमेरिकन पायलट खाली आले, आणि खाली ३७, ५७, ८५ मिमीच्या तोफा वाट बघत होत्या. तिथे पडलेली बहुतेक अमेरिकन विमानं तोफांनी आणि लहान हत्यारांनी पाडली.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात तोच डाव परत. वर सॅम-६, खाली शिल्का. सॅम-६ चुकवायला विमान डोंगराच्या कुशीत शिरलं की शिल्काच्या चार नळ्यांपुढे येई. म्हणजे शिकार तोफेच्या नावावर लागो की क्षेपणास्त्राच्या, दोघांनी मिळून केलेली असते. आमच्याकडे याला थरांचं संरक्षण म्हणतात. सगळ्यात खालचा थर तोफेचा.

८. टीव्हीवर बगदादचं आभाळ ट्रेसरने पेटलेलं दिसतं. एवढ्या माऱ्यात विमानं वाचली कशी?

१९९१ च्या आखाती युद्धात बगदादवर आलेल्या अमेरिकेच्या एफ-११७ विमानांपैकी एकही पडलं नाही. ती रडारला नीट दिसत नव्हती, रात्री येत होती, आणि तोफा आवाजाच्या दिशेने नुसत्या आभाळात मारत होत्या. जिथे दिसत नाही तिथे मारलेला गोळा देखणा दिसतो, एवढंच. पण त्याच युद्धात खालून उडणारी विमानं मात्र पडली आणि काही दिवसांत बहुतेक सगळ्यांना वर जावं लागलं. वरून साधे बॉम्ब नेमके पडत नाहीत (प्रश्न ५ मधली तीच गोष्ट).

९. ऑपरेशन सिंदूरमध्ये ड्रोन तोफांनीच पाडले म्हणतात. जुन्या तोफा ड्रोनवर इतक्या कशा चालल्या?

८-९ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं आपल्या सरकारने सांगितलं. त्यांच्यावर एल-७०, झेडयू-२३, शिल्का या तिन्ही तोफा वापरल्या गेल्या, क्षेपणास्त्रं आणि ड्रोनचा रेडिओ संपर्क तोडणाऱ्या जॅमरसोबत. त्या रात्री मी झोपलो नाही. ज्या तोफेवर माझे हात काळे झाले ती बातम्यांत दिसत होती.

चालल्या त्याची कारणं आधी येऊन गेली आहेत. ताशी १८० किलोमीटरने येणारा ड्रोन चार सेकंदांत २०० मीटर जातो, लढाऊ विमानाच्या पाचव्या हिश्श्याएवढं. लांब पल्ल्याचा ड्रोन बहुतेक वेळ सरळ उडतो, व्ही-१ सारखा. वर कोणी पायलट नसतो, त्यामुळे गोळे बघून तो दचकत नाही. हे तोफेच्या सोयीचं. पण याची दुसरी बाजू नीट समजून घ्या. जो दचकत नाही त्याला हाकलून लावता येत नाही. गोफणीचा गुंडा सूंऽऽ करून गेला तरी यंत्राचं पाखरू कणसावरच बसणार. म्हणजे ड्रोनच्या बाबतीत, प्रश्न ४ मधला हिशेब अर्धा बदलतो. इथे पाडावंच लागतं. आणि ड्रोन लहान असतो, गोळा थेट लागणं अवघड, म्हणून जवळ फुटणारा गोळा हवा. ३५ मिमीच्या तोफांसाठी असा गोळा निघाला आहे जो नळीच्या तोंडाशी, सुटता सुटता, कधी फुटायचं ते शिकून जातो आणि लक्ष्यापुढे टंगस्टनच्या १५२ गोळ्यांचा फवारा सोडतो.

आणखी एक कारण पैशाचं. रशिया युक्रेनवर सोडतो तो इराणी शाहेद जातीचा ड्रोन २० ते ५० हजार डॉलरचा असावा असा अंदाज सांगतात. त्याच्यावर तीस-चाळीस लाख डॉलरचं अमेरिकन पॅट्रियट क्षेपणास्त्र सोडत राहिलं तर ड्रोन पडूनही आपणच हरलो. युक्रेनला जर्मनीने २०२२ मध्ये गेपार्ड तोफगाड्या दिल्या, सत्तरच्या दशकातल्या, जर्मन सैन्याने केव्हाच मोडीत काढलेल्या. त्या शाहेदवर इतक्या चालल्या की अडचण वेगळीच आली, गोळे संपत आले. ते स्वित्झर्लंडमध्ये बनलेले आणि स्विस सरकार युद्धातल्या देशाला ते द्यायला परवानगी देईना. शेवटी जर्मनीत नव्याने कारखाना चालू करावा लागला. तोफ विकत घेताना गोळे कोण बनवतो हे बघायचं असतं.

१०. तोफ काय पाडू शकत नाही?

दहा किलोमीटर उंचीवरचं विमान. पन्नास किलोमीटरवरून हवेत तरंगत जाणारा बॉम्ब सोडून परत फिरणारं विमान, कारण ते टप्प्यात येतच नाही (तो बॉम्ब मात्र शेवटी टप्प्यात येऊ शकतो). बॅलिस्टिक क्षेपणास्त्र. त्यासाठी वरचे थर असतात, आकाश, एस-४०० वगैरे क्षेपणास्त्रांचे.

११. साताऱ्यासारख्या डोंगराळ भागात तोफा ठेवायच्या म्हटलं तर जमेल का? अजिंक्यताऱ्यावर ठेवल्या तर?

हा प्रश्न एका अकरावीच्या मुलीने विचारला आणि तो फार चांगला आहे. रडार डोंगराच्या पलीकडचं बघू शकत नाही. समजा यवतेश्वरच्या बाजूने काहीतरी खालून, डोंगराला चिकटून येतंय. शहरात बसलेल्या तोफेला ते धार ओलांडल्यावरच दिसणार. तिथून शहर किती लांब? लढाऊ विमान असेल तर तुमच्या हातात मोजके सेकंद.

अजिंक्यतारा शहरापासून साधारण ३०० मीटर उंच. तिथून चौफेर दिसतं, म्हणूनच तिथे किल्ला आहे. तोफेला ती जागा नजरेसाठी चांगली, पण तीन अडचणी आहेत. वर जायला गाडीची वाट एक, त्यामुळे दारूगोळा पोचवणं कठीण आणि जागा बदलणं त्याहून कठीण. एकटा डोंगरमाथा शत्रूलाही लांबून दिसतो. आणि खाली दरीतून जाणाऱ्या ड्रोनवर वरून खाली मारायचं झालं तर गोळे आपल्याच घरांकडे जातात. म्हणून डोंगरात तोफा एका जागी न ठेवता विखरून, येण्याच्या वाटांवर ठेवतात, आणि धारेवर नुसती बघणारी माणसं किंवा कॅमेरे. एकाला दिसलं ते सगळ्यांना कळलं पाहिजे. आता हे काम आकाशतीर ही भारतीय यंत्रणा करते. आमच्या वेळी फील्ड टेलिफोन होता, आणि तो नेमका वेळेला खरखरायचा.

१२. कोयना धरणावर हल्ला झाला तर? तिथे तोफा आहेत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच मागू नका, कुठे दिसलं तर फोटो काढून टाकूही नका. हे मी कळकळीने सांगतो.

पहिल्याबद्दल बोलता येतं. १६-१७ मे १९४३ च्या रात्री ब्रिटनची १९ लँकेस्टर विमानं जर्मनीची धरणं फोडायला गेली. मोहने धरणावर हलक्या विमानविरोधी तोफा होत्या, त्यांनी एक विमान तिथेच घायाळ करून पाडलं. एडर धरणावर तोफाच नव्हत्या. दोन्ही फुटली. १९ पैकी ८ विमानं परत आली नाहीत, ती बहुतेक जाता-येता वाटेत गेली. तेव्हा तोफा होत्या म्हणून धरण वाचलं असं तिथे झालं नाही. थोड्या तोफा आणि जिवावर उदार पायलट असा सामना झाला तर हेही होतं.

कायद्याची बाजू कमी जणांना माहीत असते. १९७७ च्या जिनिव्हा पुरवणी कराराच्या ५६व्या कलमाने, पाणी सुटून लोक मरतील अशा धरणावर हल्ला करायला मनाई आहे, काही अपवाद सोडून. फक्त धरणाच्या रक्षणासाठी ठेवलेल्या तोफांनाही त्यात मुभा आहे. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही, पण कलमात काय लिहिलंय ते माहीत असावं.

१३. वर मारलेले गोळे खाली कुठे पडतात?

खालीच पडतात, आणि हा प्रश्न फार कमी जण विचारतात. ४० मिमीचा गोळा कशालाच लागला नाही तर काही सेकंदांनी हवेतच स्वतःला फोडून घेतो. पण तुकडे पडतातच, पाडलेल्या ड्रोनचा सांगाडाही पडतो, कधी न फुटलेला बॉम्ब पोटात घेऊन. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा होनोलुलू शहरात जे स्फोट झाले त्यांतले बहुतेक अमेरिकेच्याच विमानविरोधी गोळ्यांचे होते, आणि त्यांत नागरिक मेले.

म्हणून सायरन झाला की गच्चीवर मोबाइल घेऊन जाऊ नका. पत्रा पुरत नाही, स्लॅबखाली जा. सकाळी शेतात काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, ११२ ला फोन करा.

१४. आपल्याच विमानाला आपली तोफ लागली तर?

लागली आहे. ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीवर १४४ अमेरिकन विमानं आपलेच छत्रीधारी सैनिक घेऊन आली. खाली थोड्याच वेळापूर्वी जर्मन हल्ला होऊन गेला होता. एका तोफेने मारा केला, मग सगळ्यांनी. २३ विमानं पाडली, ३७ फुटकी परत गेली. आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं हेलिकॉप्टर पडलं, हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक गेला.

उपाय आहेत. विमानाकडून खुणेचा रेडिओ संदेश येतो, विमानांच्या ठरलेल्या वाटा आणि वेळा असतात, आणि तोफेला तीन हुकूम असतात, होल्ड, टाइट, फ्री. होल्ड म्हणजे स्वतःवर हल्ला झाल्याशिवाय मारायचं नाही. टाइट म्हणजे शत्रू म्हणून ओळख पटली तरच. फ्री म्हणजे आपलं म्हणून ओळख पटली नसेल तर मारा. कागदावर सोपं आहे. रात्री अडीच वाजता आवाज जवळ येत असताना ट्रिगरच्या पेडलवरून पाय उचलून धरणं हे मी केलेलं सगळ्यात अवघड काम. ते आपलंच हेलिकॉप्टर निघालं.

१५. माझा मुलगा एअर डिफेन्समध्ये तोफेवर आहे. तो सुरक्षित आहे का?

हा प्रश्न बहुतेक आया विचारतात, कोरेगावहून, खटावहून, अपशिंग्याहून. ताई, खोटं सांगणार नाही. शत्रूला ज्या ठिकाणी मारायचंय त्याच ठिकाणी त्याची तोफ असते, आणि हुशार शत्रू आधी तोफेलाच मारतो. पण तोफखाना हे जाणून असतो. भोवती मातीच्या पोत्यांची भिंत असते, जागा बदलत राहतात, खोट्या तोफा उभ्या करतात, वर जाळी असते. पूर्वी तोफेच्या सीटवर माणूस बसलाच पाहिजे असं होतं, आता सुधारलेल्या तोफेत बरंच काम लांबून होतं.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. तो कुठे आहे हे फोनवर विचारू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा तोफेजवळचा फोटो टाकू नका. दोन दिवस फोन आला नाही तर तो कामात आहे असं समजा.

१६. ड्रोन खाली असेल तर रायफलने पाडता येतो का? गावात रात्री ड्रोन फिरला तर?

सैनिकांना येतो, कधी कधी. युक्रेनमध्ये पिकअप गाडीवर मशीनगन आणि सर्चलाइट लावून फिरणाऱ्या टोळ्या शाहेद पाडतात. गावात कोणी बंदूक उचलू नये. खाली काय पडतं ते प्रश्न १३ मध्ये आहे. पोलीस पाटलांना कळवा.

१७. भरतीच्या वेळी एअर डिफेन्सच पाहिजे असं सांगता येतं का?

कुठल्या दलात जायचं ते सैन्य आपल्या गरजेनुसार ठरवतं. पळणं तर कराच, सोबत दहावीचं गणित आणि इंग्रजी सोडू नका. आताची तोफ स्क्रीनवर चालते. १९९४ पर्यंत आम्ही तोफखान्याचाच भाग होतो, मग वेगळं दल झालं. कॉलेज ओडिशात गोपाळपूरला. ब्रीदवाक्य 'आकाशे शत्रून् जहि'.

१८. तोफा लावल्या आणि शत्रूचं विमान आलंच नाही, तर तो खर्च वायाच ना?

एका निवृत्त शिक्षकांचा हा प्रश्न. त्यांना तोंडी जे सांगितलं तेच लिहितो.

डिसेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२, ऑपरेशन पराक्रम. सगळं सैन्य सीमेवर. मी तेव्हा हवालदार, माझी तोफ एका रेल्वेपुलाजवळ होती. तोफ लावली म्हणजे शत्रूला तो पूल मारायचा झाला तर एका विमानाऐवजी चार आणावी लागणार, दोन तोफांना गुंतवायला, दोन पुलासाठी. नाहीतर उंचावरून टाकून चुकायचं. हा हिशेब त्याच्या नकाशावरही असतो. त्याने तो करून पूल यादीतून खाली ढकलला असेल, किंवा पूल त्याच्या यादीत कधी नसेलही. तोफेवरच्या माणसाला हे कधीच कळत नाही, आणि त्याशिवाय काम करायची सवय लागते.

आम्ही रोज पहाटे उजाडायच्या आधी आणि संध्याकाळी अंधार पडेपर्यंत तोफेवर उभे राहायचो, कारण हल्ला बहुतेक त्या वेळेला होतो. उन्हाळ्यात नळीला हात लावला की चटका बसायचा, धुळीने फीड अडकायचं, ते दिवसातून दोनदा उघडून पुसायचो. पुलावरून मालगाड्या जायच्या. एक पॅसेंजर सकाळी सात-सव्वासातला जायची, तिच्यात डबे घेऊन कामाला जाणारी माणसं आणि शाळेची पोरं. पहिले आठवडाभर ती पोरं तोफ बघायला खिडकीत गर्दी करायची. मार्चपर्यंत त्यांनी बघणं सोडून दिलं.

ऑक्टोबरात हुकूम आला, तोफ ट्रकमागे जोडली. तोफेच्या वहीत त्या जागेवर झाडलेल्या गोळ्यांचा रकाना होता, त्यात मी शून्य लिहून सही केली. सव्वासातची गाडी त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा गेली.